गाडी कोण चालवणार आणि मागे कोण बसणार?

गेल्या व्हिडिओत धंद्याच्या गाडीचा विषय निघाला आणि वेळ संपली म्हणून अर्धाच राहिला. त्यात मी एक वाक्य बोलून गेलो होतो, "स्पोर्ट्स सेडान घेताना मागच्या सीटवर बसून बघा." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, सर, एवढी साठ-सत्तर लाखांची गाडी घेणारा माणूस मागे बसून बघत नसेल का? नाही बघत. मी स्वतः पाहिलंय. तीच गोष्ट आज नीट सांगतो.

आधी माझ्या दुकानातली एक गंमत. माझं गाद्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, तळहाताने गादी दोनदा दाबतं आणि म्हणतं, "ही छान आहे." मी विचारतो, झोपणार कोण? "आई." आई कुठेय? "घरी. तिला कशाला दगदग?" मग सहा महिन्यांनी फोन येतो की आईची पाठ धरते. गादी वाईट नसते हो. दाबणारा वेगळा आणि झोपणारा वेगळा, एवढाच घोळ असतो.

इचलकरंजीला माझ्या ओळखीचे एक दादा आहेत. सायझिंग आणि लूम्सचा घरचा धंदा, वडिलांनी उभा केलेला. वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. वय सत्तरीला टेकलेलं, पण चेकवर सही अजून आप्पांचीच. महिन्यातून दोन-तीन वेळा बापलेक पुण्या-मुंबईला व्यापाऱ्यांकडे जातात. चार वर्षांपूर्वी एक वर्ष चांगलं गेलं आणि दादांनी त्यांची हौस भागवली. एक सेकंडहँड जर्मन स्पोर्ट्स सेडान घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण गाडीचा दोष काहीच नव्हता. इंजिन असं की घाटात पाय नुसता टेकवला तरी गाडी चढ विसरते. मी एकदा चालवली, त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण दोन वर्षांत एक विचित्र प्रकार सुरू झाला. पुण्याला जायचं तर दादा सेडानने, आणि आप्पा जुन्या इनोव्हातून ड्रायव्हर घेऊन. एकाच दिवशी, एकाच व्यापाऱ्याकडे, दोन गाड्या. टोल दोनदा, इंधन दोनदा. दादांना वाटायला लागलं की आप्पा आता धंद्यातून अंग काढून घेतायत. आप्पा काही बोलायचे नाहीत. आणि त्या घरचे सगळे मोठे निर्णय आजवर गाडीत झाले होते. सूताचा भाव, कोणाला किती दिवसांची उधारी, कुठल्या शेडला नवीन माग, सगळं कऱ्हाड ते सातारा या टप्प्यात ठरायचं. ते बोलणंच थांबलं.

मला एका ट्रेनिंगसाठी पुण्याला जायचं होतं. पेठ नाक्याला मी त्यांच्या सेडानमध्ये बसलो. त्या दिवशी इनोव्हा सर्व्हिसिंगला होती म्हणून आप्पाही याच गाडीत, मागे, माझ्या शेजारी. हायवेचं सहापदरीकरण चालू, त्यामुळे दर थोड्या अंतराने डायव्हर्शन. खाली सर्व्हिस रोड, मग पुन्हा वर. पुढे दादा मजेत चालवतायत. मागे माझे गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, मांड्या सीटपासून चार बोटं वर, आणि प्रत्येक सांध्याला पाठीच्या मणक्यात ठक. साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा आप्पांना गाडीतून उतरायला दरवाजाचा खांब धरून दोन प्रयत्न करावे लागले. दादा तोवर चहा सांगायला पुढे गेले होते. आप्पा मला हळूच म्हणाले, "पोराची हौस आहे रे. मी काय बोलायचं त्यात?"

चालवणाऱ्याला का कळत नाही?

दादा काही निष्काळजी नाहीत. त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि त्याला कारणं आहेत.

पुढची सीट दोन चाकांच्या बऱ्यापैकी मध्ये येते. मागची सीट मात्र जवळजवळ मागच्या चाकांवरच असते. त्यामुळे तोच खड्डा पुढच्याला अर्धा आणि मागच्याला पूर्ण लागतो. शिवाय चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, हातात स्टिअरिंग असतं, शरीर आपोआप तयार होतं. मागचा माणूस मोबाईलवर हिशेब बघत असतो, त्याला धक्का अचानक बसतो. गाडी लागते तीही मागच्यालाच, ती याच कारणाने.

दुसरं, टायर. टायरवर 225/40 असं लिहिलेलं असतं. 225 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी आणि 40 म्हणजे त्या रुंदीच्या 40 टक्के टायरच्या बाजूची उंची. म्हणजे 90 मिलिमीटर. साध्या 205/60 टायरला हीच उंची 123 मिलिमीटर येते. हे जे सव्वा इंचाचं जास्तीचं रबर आणि हवा असते, तीच आपली पहिली गादी. स्पोर्ट्स सेडानमध्ये ती मुद्दाम कापलेली असते, कारण बाजूची उंची कमी तेवढी गाडी वळणावर नेमकी वागते. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर कडक ठेवतात तेही त्याचसाठी.

तिसरं, जागा. या गाड्यांत इंजिन उभं, लांबीच्या दिशेने बसवतात आणि ताकद मागच्या चाकांना जाते. त्यामुळे वजन पुढे-मागे सारखं वाटलं जातं, गाडी चालवायला गोड लागते. पण लांबी इंजिन खातं आणि ताकद मागे नेणाऱ्या शाफ्टसाठी मधोमध उंचवटा येतो. मागे मध्ये बसणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे, हा प्रश्न कोणी सोडवलेला नाही. गाडी जमिनीला धरून राहावी म्हणून सीटही खाली. तरुण माणूस त्यात घुसतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई त्यात "उतरते" आणि मग वर येऊ शकत नाही.

म्हणजे परफॉर्मन्स आणि मागचा आराम या दोन गोष्टी एकाच लांबीतून, एकाच स्प्रिंगमधून आणि एकाच टायरमधून काढायच्या असतात. आजकाल बटण दाबून शॉक ॲब्सॉर्बर मऊ-कडक करता येतात, त्याने फरक पडतो. पण बटणाने गुडघ्याला जागा मिळत नाही.

कंपन्यांनी काय केलं ते बघा

आपण धंदा शिकतोय, म्हणून हा भाग मला सगळ्यात आवडतो. बीएमडब्ल्यूची 3 सीरिज ही जगभर "चालवणाऱ्याची गाडी" म्हणून ओळखली जाते. जानेवारी 2021 मध्ये कंपनीने भारतात तिचीच लांब आवृत्ती आणली, ग्रॅन लिमोझिन. नेहमीच्या 3 सीरिजचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 2,851 मिलिमीटर. हिचा 2,961. हे 110 मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच, वाढवले ते मागच्या माणसाच्या सोयीसाठी. आणि दोनच महिन्यांनी, मार्च 2021 मध्ये, त्याच कंपनीने छोट्या व्हीलबेसची एम 340 आय आणली. तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, 500 न्यूटन मीटर टॉर्क, 0 ते 100 साठी 4.4 सेकंद. लांबवाली 330 एलआय दोन लिटर, चार सिलिंडर, 258 हॉर्सपॉवर, 6.2 सेकंद. दोन्हीची जुळणी चेन्नईच्याच कारखान्यात.

त्यांनी "सगळ्यांना सगळं" देणारी एक मधली गाडी काढली नाही. पैसे मोजणारा माणूस कुठल्या सीटवर बसतो हे विचारलं आणि दोन उत्तरांसाठी दोन गाड्या केल्या. मर्सिडीजने हे आपल्या चाकणमध्ये त्याआधीच केलं होतं. 2017 मध्ये त्यांनी भारतासाठी ई-क्लास लांब केली, 2,939 चा व्हीलबेस 3,079 मिलिमीटर. उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लांब ई-क्लास जगात पहिल्यांदा आपल्याकडे आली. 2024 मध्ये बीएमडब्ल्यूची 5 सीरिजही इथे लांबच आली. भारतात या गाड्यांचा मालक बऱ्याचदा मागे बसतो, हे त्यांना उमगलं होतं. आपल्या दादांना नव्हतं उमगलं.

मग आम्ही काय केलं

यंदा ती सेडान काढायची ठरली तेव्हा दादांचा फोन आला. "तू लोकांना ट्रेनिंग देतोस ना, मग सांग. मला एम 340 आय पाहिजे. मन तिथेच आहे." मी म्हटलं, दादा, मत नंतर देतो, आधी एक महिना वही ठेवा. गाडी निघाली की तीन गोष्टी लिहायच्या. चालवलं कोणी, मागे कोण होतं, किती तास.

महिन्याची वही आली. एकूण 41 तास. त्यात दादा स्वतः चालवत होते 12 तास, आणि एकटे, मोकळ्या रस्त्यावर, ज्याला खरं ड्रायव्हिंग म्हणतात तसं, फक्त एका रविवारी आंबोलीला जाऊन येताना. बाकी ड्रायव्हरच चालवत होता आणि दादा शेजारी बसून फोनवर. इनोव्हातले आप्पांचे मागचे तास 22. दादा वहीकडे बघत बसले. म्हणाले, "म्हणजे ही सहा सिलिंडरची हौस मी ड्रायव्हरसाठी करतोय?"

इथे एक सांगतो, मी परफॉर्मन्सची टिंगल करणाऱ्यातला नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मर्यादा 100 ची आहे आणि वर कॅमेरे आहेत, मग 4.4 सेकंदांचं काय करायचं, असं लोक म्हणतात. पण ताकद म्हणजे नुसता टॉप स्पीड नसतो. दोनपदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना उलट्या बाजूला किती वेळ राहता, पावसात चारही चाकांना ताकद मिळते का, ब्रेक किती दमदार आहेत, हे सगळं त्यात येतं. माझा एक विद्यार्थी इंटिरियरची कामं घेतो, एकटा फिरतो, महिन्याला हजारो किलोमीटर. त्याच्या मागच्या सीटवर लॅमिनेटची सॅम्पल बुकं असतात. त्यांना लेगरूम लागत नाही. त्याने चालवायला चांगली गाडी घ्यावी, मी स्वतः त्याच्याबरोबर शोरूमला जाईन.

आमच्या बाबतीत शोरूमला गेलो तेव्हा नेहमीचंच. सेल्सच्या पोराने चावी दादांच्या हातात दिली, चार किलोमीटरचा गुळगुळीत गोल. मी म्हटलं, असं नको. चावी त्यांच्या ड्रायव्हरला द्या, पुढची सीट त्याच्या उंचीला लावा, मागे आप्पा आणि मी. आणि रस्ता आमचा, सर्व्हिस रोडचा, किमान पाऊण तास. पोरगा गडबडला, मॅनेजरला विचारून आला, पण दिली गाडी. आपण एवढे पैसे देणार असू तर हे मागायला लाजायचं नाही.

बसल्यावर बघायच्या गोष्टी फार नसतात. पुढच्या सीटखाली पाऊल सरकतं का. मांडीला गुडघ्यापर्यंत आधार आहे का, की नुसती कंबर टेकतेय. चढता-उतरताना डोकं आपटतं का. चौघे जण आणि डिकीत सामान असताना तुमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर पोट घासतं का. लांब गाडीचं एक दुखणं आहे, वळायला जागा जास्त लागते आणि मागचा दरवाजाही मोठा असतो. म्हणून ती घरच्या पार्किंगपर्यंत नेऊन उघडून बघायची. आम्ही नेली. दरवाजा पूर्ण उघडेना. तुळशीच्या कुंड्या दोन फूट सरकवाव्या लागल्या, आणि त्यासाठी वहिनींची परवानगी मिळवणं हे शोरूमच्या डिस्काउंटपेक्षा अवघड निघालं.

पैशाचं थोडक्यात. गाडीवर घसारा 15 टक्के मिळतो, म्हणजे 60 लाखांवर पहिल्या वर्षी 9 लाख, पुढच्या वर्षी उरलेल्या 51 लाखांवर 7.65 लाख. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी निम्माच. घरगुती वापराचा भाग वगळावा लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी 40 टक्के आहे, आणि गाड्या विकणं, प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल असे धंदे सोडले तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर 13 टक्के रोड टॅक्स आणि कंपनीच्या नावावर 20 टक्के. 60 लाखांवर हा फरक 4 लाख 20 हजारांचा होतो. "टॅक्स वाचतो म्हणून मोठी घ्या" असं कोणी म्हटलं की हे आकडे कागदावर मांडायचे आणि त्यालाच बेरीज करायला लावायची. आणि डाउन पेमेंट खेळत्या भांडवलातून द्यायचं नाही, यावर मी कोणाचं ऐकत नाही.

काही जण म्हणतील, सर, आमचा अजून टेम्पोचा हप्ता चालू आहे, आम्हाला हे कशाला? टेम्पो घेतानाही हीच वही ठेवा. चालवणार कोण, माल चढवणार-उतरवणार कोण, फाळक्याची उंची त्याच्या खांद्याला सोसते का. तो त्याच्या मालकाला कधीच सांगत नाही.

दादांनी लांब व्हीलबेसवाली घेतली. मनापासून नाही, हे मी खरं सांगतो. अजूनही सहा सिलिंडरच्या आवाजाचे व्हिडिओ मला रात्री अकराला पाठवतात. इनोव्हा आता कारखान्याच्या कामाला असते. गेल्या महिन्यात पुण्याहून येताना मी त्यांच्याबरोबर होतो. दादा आणि आप्पा दोघेही मागे, मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी. खंबाटकी उतरल्यापासून मागे एका व्यापाऱ्याच्या 90 दिवसांच्या उधारीवरून जे भांडण सुरू झालं, ते कऱ्हाड आलं तरी मिटलं नव्हतं. पेठ नाक्याला मी उतरलो तेव्हा आप्पांनी काच खाली केली आणि म्हणाले, "गाडी बरी आहे रे. याला सांग, साठ दिवसांच्या वर एक दिवस नाही."