अडीनडीचा पेनड्राइव्ह

विंडोज सुरूच होत नसेल, तर दुरुस्तीची साधने त्याच लॅपटॉपच्या डिस्कवर असून काय उपयोग? किल्ली घरात ठेवून दार ओढून घेण्यासारखेच ते. म्हणून ही साधने वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवतात. तोच रिकव्हरी ड्राइव्ह.

लॅपटॉप ठणठणीत असतानाच तो करायचा. विंडोज १० आणि ११ मध्ये याच नावाचा प्रोग्राम आधीपासून असतो. पेनड्राइव्ह किमान १६ जीबीचा घ्यावा आणि रिकामा असावा, कारण त्यावरचे सगळे पुसले जाते. सिस्टिम फाइल्सचा बॅकअप घेण्याच्या चौकटीतली खूण काढू नये. ती काढली तर दुरुस्तीची साधने तेवढी मिळतात, विंडोज नव्याने बसवता येत नाही. फाइल्स उतरायला बराच वेळ लागतो. चार्जर लावलेला बरा. अपडेट येत राहत असल्याने वर्षातून एकदा हा ड्राइव्ह नव्याने करावा.

सर्वांत मोठा गैरसमज फोटो आणि कागदपत्रांबाबत असतो. ती या ड्राइव्हवर येत नाहीत. उलट त्यावरून विंडोज पुन्हा बसवले, तर लॅपटॉपमधली तीही जातात. त्यांचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर वेगळा घ्यावा, आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून ठेवावी. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही.

वेळ आलीच, तर पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबतात. कुठे ती एफ १२ असते, कुठे एफ ९ किंवा एस्केप. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती कागदावर लिहून ठेवावी, त्याच लॅपटॉपमध्ये नव्हे.