बलीनच्या पट्टीतली वीस वर्षं

एखाद्या सलूनमध्ये फरशीवर पडलेले केस गोळा केले, तर त्यातला कोण भाकरी खाणारा आणि कोण पोळी खाणारा, याचा बराचसा अंदाज प्रयोगशाळेत बांधता येईल. निसर्गातल्या कार्बनच्या दर शंभर अणूंत साधारण एक अणू जड असतो, कार्बन-१३. बाजरी, ज्वारी, मका, उसात तो गहू, तांदूळ, द्राक्षांपेक्षा किंचित जास्त सापडतो आणि खाल्लेल्या अन्नातून तो केसांतही उतरतो. मधात उसाची साखर मिसळलेली पकडतात ती याच फरकावर. अर्थात, पोळीबरोबर रोज प्यायलेलं दूध कडब्यावर पोसलेल्या गाईचं असेल, तर अंदाज चुकणारच!

आर्क्टिकमधल्या बोहेड देवमाशाचं जेवण तपासायला हीच युक्ती कामी आली. हा प्राणी हिवाळा बेरिंग समुद्रात बर्फाच्या कडेने काढतो आणि उन्हाळ्यात कॅनडालगतच्या ब्यूफोर्ट समुद्रात जातो. तो काय आणि कुठे खातो, हे वर्षभर मागे फिरून पाहणं अशक्य. पण त्याच्या तोंडात दातांऐवजी बलीनच्या पट्ट्या असतात. पाण्यातले बारीक जीव गाळून घेणाऱ्या या पट्ट्या नखांसारख्याच केराटिनच्या असून चार मीटरपर्यंत लांब वाढतात. हिरडीजवळचा भाग ताजा, टोकाकडचा जुना. टोक झिजत राहतं, तरी मोठ्या पट्टीत वीसेक वर्षांचा हिशेब शिल्लक असतो.

अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स केंद्रातले डोनाल्ड शेल यांनी हा हिशेब वाचला. अलास्काच्या मूळनिवासी इन्युपियात लोकांना परंपरेने देवमाशांच्या शिकारीची परवानगी आहे. त्यांनी मारलेल्या देवमाशांच्या पट्ट्या शेल यांना मिळाल्या. पट्टीवर ठरावीक अंतराने खरवडून चिमूटभर भुकटी काढायची. तिचा मिलिग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी नमुना कथिलाच्या इवल्याशा डबीत बंद करून हजारेक अंशांवर जाळायचा. निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचे आयन चुंबकी क्षेत्रातून जाताना वळतात. ४४ वस्तुमानाचे जास्त, ४५चे, म्हणजे कार्बन-१३ असलेले, थोडे कमी. दोन्ही वेगवेगळ्या कपांत मोजले की गुणोत्तर हाती येतं.

आलेखावर लाटा उमटल्या. बेरिंग आणि चुकची समुद्रांतल्या प्लवकांत कार्बन-१३ जास्त, पूर्व ब्यूफोर्टमधल्या प्लवकांत कमी. म्हणून एक लाट म्हणजे एका वर्षाची ये-जा. १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून तरुण देवमाशांचं वय मोजता आलं आणि त्यांची वाढ फार सावकाश होते हेही कळलं. त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. उन्हाळ्यात ब्यूफोर्टमध्ये पोटभर खायचं आणि उरलेलं वर्ष चरबीवर काढायचं, असा समज होता. पट्ट्या सांगत होत्या की अन्नाचा मोठा वाटा बेरिंग-चुकचीतूनच येतो. ब्यूफोर्टच्या किनाऱ्यावर तेलकंपन्यांची वर्दळ असताना ही केवळ पुस्तकी बाब नव्हती.

कार्बन 'कुठे' ते सांगतो. 'कोणाला' खाल्लं हे नायट्रोजन-१५वरून कळतं. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की त्याचं प्रमाण हजारी तीन-चारने वाढतं. म्हणून मासे खाणारा बेलुगा सूक्ष्म कवचधारी गाळून खाणाऱ्या बोहेडच्या वर बसतो.

२०००मध्ये शेल यांनी आणखी पुढचं विधान केलं. १९६०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या पट्ट्यांत कार्बन-१३ घटत गेला होता. प्लवकांची वाढ मंदावली की त्यांच्यातला कार्बन-१३ही घटतो, म्हणून बेरिंग समुद्राची उत्पादकता ओसरत असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. लगेच आक्षेप आले. कोळसा आणि तेल जाळून हवेत गेलेला हलका कार्बन समुद्रातही उतरतो आणि वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे प्लवकांचं गुणोत्तर बदलतं. मग ही घट ओसरत्या उत्पादकतेचीच कशावरून? कडब्यावरच्या गाईचीच अडचण, समुद्राच्या मापाची. आक्षेपकांच्या बाजूने एक गोष्ट नक्की जाते: त्याच काळात हे देवमासे वाढतच होते आणि २०११च्या गणनेत त्यांची संख्या सुमारे १७ हजार भरली.