सात ते सात

पहाटे ४. बदलापूर. गजराआधी आईच्या खोकल्याने जाग येते. बायको डब्यात भाकरी भरते आणि आईचं ठरलेलं वाक्य येतं, "ह्यांनी नोकरी टिकवली असती तर लालबागची खोली गेली नसती." बाबांना जाऊन एकवीस वर्षं झाली.

४.५०. लोकल. दादरला गाडी बदलून करी रोड. खिडकी मिळाली तर झोप, नाहीतर शेजारच्याचा खांदा.

७. हजेरी. यंत्रावर अंगठा. पूर्वी याच वेळेला इथे भोंगा व्हायचा. गिरणी पाडून काचेचा टॉवर उभा राहिला, चिमणी तेवढी शोभेला ठेवलीय. माझी ड्यूटी गेटवर, बारा तास. बाबांची पाळी आठ तासांची होती. हा हिशेब मी मुद्दाम करत नाही, होतो.

९ ते ११. गाड्या, पास, "नाव लिहा साहेब."

११.३०. गर्दी ओसरते आणि डोकं चालू लागतं. बाबा दोन गल्ल्या पलीकडच्या गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार-बोनसचं भांडण होतंच. पण १९४६ च्या कायद्याने एकाच युनियनला मान्यता, मालकांशी बोलणार तीच, याचाही राग होता. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. बाबा गॅलरीत बसून राहू लागले, मग पिऊ लागले. आई खानावळीच्या भाकऱ्या थापू लागली. घरात निदान पक्कं झालं: माणूस आळशी.

गेल्या वर्षी मुलीने (समाजशास्त्र घेऊन बी.ए. करतेय) कुणा सी. राइट मिल्सचं सांगितलं. आडनाव ऐकून मला हसूच आलं. या अमेरिकन माणसाने १९५९ च्या पुस्तकात म्हटलंय म्हणे, की अख्ख्या शहरात एकच जण बेकार असेल तर त्याचं काय चुकलं ते बघा. लाखोंनी असतील तर त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर मिळायचं नाही. मी आमचा मजला मोजला. चौदा खोल्या, नऊ घरांतले पुरुष गिरणीत. नऊही जण एकाच वर्षी आळशी झाले?

आईला हे अजून सांगितलेलं नाही. तिने थापलेल्या भाकऱ्यांचं काय करायचं?

३.३०. पहिली पाळी सुटायची वेळ. आता इथे कॉफीची रांग. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी जायचा होता. २००१ मध्ये दुरुस्ती झाली: वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. गिरणीत शेड सोडून मोकळं असतं किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. वारस म्हणून घराचा अर्ज मीही भरलाय. अट अशी की कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर पटावर हवा. बाबा सतरा दिवसांच्या फरकाने का होईना, बसतात. लॉटरीत नंबर नाही. आता शेलू-वांगणीचं बोलतात, म्हणजे बदलापूरच्याही पुढे.

७. रात्रीचा गडी येतो, लातूरकडचा, पंचविशीतला. रजिस्टरवर सही करता करता म्हणतो, "काका, आमच्या बापाला शेती जमलीच नाही बघा. विकून बसला."

माझी गाडी सातबाराची. तरी विचारतो, "गावात अजून कुणी कुणी विकली?"

तो पेन खाली ठेवतो आणि बोटं मोजायला लागतो.