रंग चुकतो, माप चुकत नाही

कॅमेऱ्यावर बसवायचा पाच इंची मॉनिटर घेताना बहुतेक जण आधी चित्र किती देखणं दिसतं ते पाहतात. या छोट्या पडद्याची खरी कमाल 'फॉल्स कलर'मध्ये आहे. तो सुरू करा आणि समोरच्या चेहऱ्याकडे बघा: कातडीचा रंग गायब, त्या जागी हिरवे, गुलाबी, लाल पट्टे. मध्यम करड्याइतकं उजळ ते हिरवं, काळोखात बुडालेलं जांभळं, पांढरंफटक पडून हातचं गेलेलं लाल. रंगांची वाटणी कंपनीगणिक थोडी बदलते, एवढंच.

हे पट्टे येतात केबलमधून आलेल्या आकड्यांवरून. त्यामुळे स्वस्त पॅनेल निळसर असो, ब्राइटनेस कमी ठेवलेला असो, एक्स्पोजरचं माप तेच राहतं. हा हिशेब सेकंदाला २४ वेळा होतो, आणि दर वेळी २० लाखांहून जास्त ठिपक्यांचा! अनेक पट्ट्यांत चेहऱ्यासाठी गुलाबी ठेवलेला असतो, पण तो गोऱ्या कातडीवरून ठरलेला, करड्याच्या साधारण एक स्टॉप वर. आपल्याकडचे सावळे चेहरे तिथवर चढवले की धुऊन निघाल्यासारखे दिसतात; ते हिरव्याच्या आसपासच शोभतात.

फोकस पीकिंगही असंच अजब. शेजारच्या ठिपक्यांत उजेडाचा फरक एकदम वाढला, की ती कड रंगवली जाते. पापण्या लाल चमकत असताना नट जरासा पुढे झुकला, तर लाली पापण्यांवरून कानाकडे सरकते. मात्र चौकड्यांचा शर्ट फोकसमध्ये नसतानाही चमकू शकतो, म्हणून झूम करून खात्री करावीच.

खोक्यावरच्या '४के'ला भुलू नका. बहुधा त्याचा अर्थ मॉनिटर ४के सिग्नल घेतो एवढाच. पॅनेल फुल एचडी असतं आणि पाच इंचांत ते भरपूर झालं. पैसे उजेडावर घाला. खोलीत ४००-५०० निट्स चालतात, उन्हात हजाराच्या वर हवेत, नाहीतर हूड लावा. कॅमेऱ्याचं एचडीएमआय मिनी की मायक्रो, तेही आधी बघा.

दुकानातच एक चाचणी करा. लॉग प्रोफाइल बंद ठेवून फॉल्स कलर लावा. लेन्सला झाकण घातल्यावर सगळा पडदा जांभळा व्हायला हवा. झाकण काढून एक्स्पोजर वाढवत ट्यूबलाइटकडे धरलं की नळी लाल.