रातकिडे गाण्याची जागा कशी निवडतात?

लालबाग-परळच्या चाळीत रात्री रहदारी थांबली की मोरीजवळच्या फटीतून रातकिड्याची किरकिर सुरू होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे १८६२ साली लोकांस खुल्या झालेल्या उद्यानात, पावसाळ्यातील सायंकाळी कान देऊन उभे राहावे; गवतातून एक स्वर येतो, झुडपातून दुसरा, वृक्षावरून तिसरा. ही विभागणी केवळ योगायोगाची नव्हे.

गातो तो नर. पुढील पंख एकमेकांवर घासून तो आवाज काढतो आणि मादी त्या रोखाने येते. तिचे कान पुढच्या पायांवर असतात. जमिनीलगत गवत व माती आवाज शोषून घेतात, म्हणून उंचावरून गाणे अधिक दूर जाते. मात्र उघड्यावर गाणाऱ्याला वटवाघळाचे भय असते, कारण तेही आवाजाच्या रोखानेच येते. शिवाय ओलावा, अन्न व लपण्याची सोय पाहावी लागते. कर्नाटकातील कुद्रेमुखच्या सदाहरित अरण्यातील अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तेथेही जमीन, झुडपे व वृक्षांचे शेंडे अशा निरनिराळ्या थरांत निरनिराळ्या जाती गाताना आढळल्या. तरीही सारे श्रेय उंचीला देऊ नये. प्रत्येक जातीची पट्टी व ठेका वेगळा असतो आणि मादी आपल्याच जातीचा ओळखते.

झुडपावरील एका नाजूक रातकिड्याची युक्ती तर कारागिराला शोभावी अशी आहे. तो पानाच्या मध्यभागी पंखांच्या मापाचे छिद्र कुरतडतो आणि त्यात पंख उभारून गातो. पंखांच्या पुढील व मागील बाजूंच्या ध्वनिलहरी एरवी कडेशी एकमेकींना मारतात. पान आड आल्याने ते टळते व आवाज वाढतो.

रोपवाटिका सांभाळणाऱ्यांस याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. कोवळी रोपे बुंध्याशी कापणारा मोठा रातकिडा बिळात राहतो व बिळाच्या तोंडाशी बसून गातो. पावलांची चाहूल लागताच तो गप्प होतो. म्हणून दूर उभे राहून दोन बाजूंनी आवाजाचा रोख घ्यावा व जागेवर काठी रोवावी. सकाळी तेथे मोकळ्या मातीचा लहान ढीग दिसल्यास बिळात पाणी ओतावे. किडा वर येतो व हाताने वेचता येतो. झुडपावरून येणाऱ्या आवाजासाठी वाफ्यावर औषध मारण्याचे कारण नाही.