कागद मागतो ती गोळी

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार झालेल्या .३२ बोअरच्या काडतुसाच्या पितळी बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं ठोकलेली असतात. हिंगोलीच्या मोंढ्यातल्या एखाद्या अडत्याकडे स्वसंरक्षणाच्या परवान्यावरचं रिव्हॉल्व्हर असेल, तर त्यात बहुधा हीच काडतुसं भरलेली असणार. खडकीचा कारखाना १८६९चा. २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा तो पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. रिव्हॉल्व्हर कानपूरचं, काडतूस खडकीचं, अशी ही जोडी देशभर चालते.

अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानात एकाच मापाच्या काडतुसांचे ढीगभर प्रकार मांडलेले असतात. सरावाचे वेगळे, शिकारीचे वेगळे, घराच्या रक्षणाचे आणखी वेगळे. आपल्याकडचा परवानाधारक दुकानात शिरतो, तेव्हा निवडीचं बरंचसं काम कायद्यानं आणि कारखान्यानं आधीच उरकलेलं असतं. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतं, ते पोलीस आणि लष्करासाठी. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. तिथल्या जवानाला चांदमारीवर ते हाताळता येईल, पण गावातल्या परवानाधारकाला नाही. त्याच्या वाट्याला .३२ किंवा .२२ येतं, आणि काडतुसं किती घेतली याची नोंद ठेवावी लागते.

मग निवड उरते कुठे? ती उरते नेमबाजीच्या मैदानावर, आणि तिथे ती भलतीच बारीक असते.

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. नळीतून बाहेर पडते ती एवढी शेवटचीच वस्तू. तिचं वजन, तिचा वेग आणि तिच्या नाकाचा आकार या तीन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं. तिघांत सर्वसामान्य माणूस वेगाला फार भाव देतो. नेमबाज नाकाकडे पाहतो.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पंचवीस मीटरच्या पिस्तूल प्रकारातल्या संथ फेरीच्या कागदी लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळीच्या छिद्राची कड वरच्या गुणाच्या रेषेला नुसती टेकली, तरी वरचा गुण मिळतो. आता गोल नाकाची गोळी कागदाला भोसकते, ताणते आणि आरपार जाते. मागे राहतं ते फाटक्या कडांचं, गोळीपेक्षा लहान दिसणारं भोक. रेषेला टेकलं की नाही, यावर पंचांना माप लावत बसावं लागतं. यावरचा जुना उपाय म्हणजे ‘वॅडकटर’. हिचं नाक सपाट, अगदी कापून टाकल्यासारखं. शाळेतल्या पंचिंग मशीननं पाडावं तसं स्वच्छ गोल भोक ती पाडते. दिसायला ही गोळी अगदी ओबडधोबड. काडतुसातून तिचं टोकसुद्धा बाहेर डोकावत नाही, ती पुंगळीच्या तोंडाशी समपातळीत बसवलेली असते. हवेत लांब पल्ल्यावर ती लवकर मंदावते, पण पंचवीस मीटरवर त्याचं कुणाला काय!

सेंटर फायर पिस्तूल प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचं बोअर चालतं. म्हणजे ज्याला हवं त्यानं .३८ वापरावं, भोक मोठं पडेल. तरीही जगभरचे नेमबाज .३२ वॅडकटरकडेच वळले. कारण साधं आहे. मोठी गोळी हाताला मोठा झटका देते, आणि वेगवान फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद लपतं. खाली धरलेला हात त्या तीन सेकंदांत वर उचलून एक गोळी झाडायची, असं पुन्हा पुन्हा. मोठ्या भोकासाठी मनगट हादरवून घेणं हा वाईट सौदा. .३२ वॅडकटरची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची, वेग सेकंदाला २३० मीटरच्या आसपास. इतका संथ, की ध्वनीच्या वेगाचा जेमतेम दोन तृतीयांश.

सपाट नाकाची एक अडचण मात्र आहे. सेल्फ-लोडिंग पिस्तुलात मॅगझीनमधून नळीत सरकताना हे नाक अडकू शकतं. म्हणून वॉल्थर जीएसपीसारख्या पिस्तुलांच्या खास या काडतुसासाठी आवृत्त्या बनवल्या गेल्या. साध्या रिव्हॉल्व्हरला हा प्रश्नच येत नाही. काडतूस बाजूला फिरून नळीसमोर येतं, नाक कसंही असो.

महिलांचा पंचवीस मीटर पिस्तूल प्रकार .२२ बोअरचा, आणि महाराष्ट्राला तो ओळखीचा झाला कोल्हापूरच्या राही सरनोबतमुळे. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं अनिसा सय्यदबरोबर दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. २०१३मध्ये कोरियातल्या चांगवॉनला विश्वचषक स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. २०१८च्या आशियाई स्पर्धेत शूट-ऑफपर्यंत ताणलेली अंतिम फेरी जिंकून नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. या प्रकारातली गोळी ५.६ मिलिमीटरची, शिशाची, साधारण २.६ ग्रॅमची. नियमच सांगतो की गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची हवी. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलेलं आहे. जुनं आहे म्हणून मागासलेलं मात्र नाही.

उलट याच काडतुसात निवडीचं वेड टोकाला जातं. एकाच कंपनीच्या एकाच छापाच्या दोन बॅचेस एकाच नळीतून सारख्या चालतील, याची खात्री नसते. दारूच्या किंवा प्रायमरच्या मिश्रणात केसाएवढा फरक पडला, तरी गोळ्यांचा पुंजका पसरतो. ब्रिटनची इली आणि फिनलंडची लापुआ या कंपन्यांकडे त्यासाठी चाचणीची केंद्रं आहेत. नेमबाज आपलं हत्यार घेऊन जातो, ते शिकंज्यात आवळून बसवतात, बॅचमागून बॅच झाडून पाहतात, आणि ज्या बॅचचा पुंजका सर्वांत घट्ट पडेल तिचे खोके विकत घेतले जातात. माणसाचा हात बाजूला ठेवून गोळीची परीक्षा घ्यायची ही पद्धत. प्रामाणिकपणे सांगायचं, तर जिल्हा पातळीच्या नेमबाजाला याचा काडीचाही उपयोग नाही. त्याचा हातच त्या फरकापेक्षा कितीतरी जास्त हलतो.

त्याच्यासाठी सुरुवात दहा मीटरवरच्या एअर पिस्तूलनं होते. २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअरच्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. छरा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, नाक पुन्हा सपाट, कारण लक्ष्य पुन्हा कागद. दहाचं वर्तुळ इथे ११.५ मिलिमीटरचं. डब्यावर ४.४९ किंवा ४.५० असा आकडा छापलेला असतो, तो छऱ्याच्या डोक्याचा व्यास. नळीत नीट बसेल तो घ्यायचा, एवढीच निवड. पुढे राज्य, मग राष्ट्रीय पूर्वपात्रतेची मावळंकर स्पर्धा. १९५१मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. नेमबाजीच्या पोरांच्या तोंडी रोज असलेलं हे नाव संसदेतल्या खुर्चीवरून आलेलं आहे, हे त्यांतल्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

आता शिकार. इथे निवडीचा विषय आधी कायद्यापाशीच अडतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौसेच्या शिकारीला आज मुभा नाही. कायद्याच्या व्याख्येत मारणं, पकडणं, जखमी करणं, इतकंच नाही, तर तसा प्रयत्न करणंही शिकारच. पिकाचं किंवा माणसाच्या जिवाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांसाठी कलम ११नुसार लेखी परवानगीची वाट ठेवलेली आहे. महाराष्ट्रानं २०१५मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी त्याबाबत शासन निर्णय काढला. काळवीट अनुसूची एकमध्ये, त्यामुळे हरभऱ्याचं कितीही नुकसान होवो, त्याला ही सवलत नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ, सेनगाव, कळमनुरी या तालुक्यांत सोयाबीन भरात आलं की शेतकरी रात्री जागलीला जातो. डबे वाजवणं, फटाके, बॅटरीचा झोत ही त्याची हत्यारं. कुणी बेकायदा तारेत वीज सोडतो आणि त्यात कधी डुक्कर, कधी शेजारचा माणूस जातो. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ या बाबतीत वाचण्यासारखं आहे. पीकरक्षणासाठी त्यात ठासणीची बंदूक नाव घेऊन सांगितली आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक, आणि नेमबाजी क्लबच्या सदस्यासाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल. आखूड नळीचं हत्यार शेतात उपयोगी पडेल, असं कायदा करणाऱ्यांच्या मनातही आलेलं दिसत नाही. बरोबरच होतं त्यांचं.

कारण हिशेब मांडून पाहावा. वर सांगितलेल्या .३२च्या गोळीत पावणेदोनशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. बारा बोअरच्या काडतुसात, मग ते खडकीचं शक्तिमान एक्सप्रेस का असेना, सगळ्या छऱ्यांची मिळून ती दोन हजार ज्यूलच्या पुढे जाते. पोक्त नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, जाड थर असतो. माजावर नर एकमेकांना सुळे मारतात तेव्हा तो ढालीसारखा कामी येतो. त्यात .३२ची संथ गोळी घालणं म्हणजे जनावर जखमी करून उसात किंवा तुरीत पाठवणं. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी द्यायला आलेल्या माणसाच्या अंगावर येतं, तेव्हा गोळी कुणी झाडली, हे विचारायला कुणी थांबत नाही.

जिथे हँडगननं शिकार कायदेशीर आहे, त्या अमेरिकेतही ती .३२नं करत नाहीत. १९५५मध्ये आलेलं .४४ मॅग्नम हे त्या कामाचं नावाजलेलं काडतूस. गोळी साडेपंधरा ग्रॅमची, वेग .३२च्या जवळपास दुप्पट, ऊर्जा आठ पटींच्या घरात. शिवाय नाकाचा आकार पुन्हा बदलतो. शिकारीची गोळी आत शिरल्यावर टोकाशी फुलावी, आपली ऊर्जा जनावरातच खर्च करावी, पण फुलण्याआधी पुरेशी खोलही जावी, अशी उलटसुलट अपेक्षा असते. म्हणून टोक पोकळ किंवा उघड्या शिशाचं ठेवतात. सैन्याची गोळी याच्या अगदी उलट, तांब्याच्या मिश्रधातूच्या कवचात पूर्ण झाकलेली. फुलणाऱ्या गोळीचं सर्वांत कुप्रसिद्ध नाव भारतातलंच आहे. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात १८९०च्या दशकात .३०३ रायफलीसाठी उघड्या टोकाची गोळी तयार झाली, आणि १८९९च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरायला बंदी घातली गेली. गंमत अशी, की जी गोळी माणसावर झाडणं अमानुष ठरलं, तीच जनावराला लवकर मारते म्हणून शिकारीत दयाळू मानली जाते. दोन्ही मतं आपापल्या जागी खरी आहेत.

नेमबाजीच्या मैदानावर या दयेचा-क्रौर्याचा प्रश्न नसतो, तिथे काळजी असते ती शिशाची. मऊ शिशाची गोळी नळीत घासते, मागच्या लोखंडी पत्र्यावर आपटून चुरते, प्रायमरच्या धुरातही शिसं असू शकतं. ती भुकटी बोटांवरून डब्यातल्या पोळीवर जाते. म्हणून बंदिस्त मैदानात हवा खेळती ठेवावी लागते, जमीन कोरडी झाडण्याऐवजी ओली पुसावी लागते, आणि सरावानंतर साबणानं हात-तोंड धुतल्याशिवाय डबा उघडायचा नसतो. लहान मुलं सरावाला येऊ लागली, की हा नियम एअर पिस्तूलच्या छऱ्यांनाही लागू होतो. तेही शिशाचेच, आणि मोजताना दोन-चार छरे दातांत धरायची खोड पोरांना लागतेच.