पितळेच्या तारेला जस्ताची ‘कल्हई’ : कारागिरी की शोध?

जामसंड्याच्या शाळेत फळ्यावर ‘पेटंट’ हा शब्द लिहिला, तर पहिला हात बहुधा हापूससाठी वर होईल. ‘आमच्या आंब्याला पेटंट आहे!’ हा समज चुकीचा आहे. हापूसला २०१८ मध्ये मिळाले ते भौगोलिक मानांकन. मग पेटंट म्हणजेच एकस्व मिळते तरी कशाला? उत्तरासाठी आंबा बाजूला ठेवून घरातल्या पितळी पातेल्याकडे पाहू.

पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथिलाचा पातळ थर देतात. हीच कल्हई. तिच्यावर आज कोणाला पेटंट मागता येणार नाही, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना माहीत आहे. परंतु जस्ताचा थर दिलेल्या पितळी तारेवर मात्र अनेक पेटंटे दिली गेली आहेत. पितळेवर दुसऱ्या धातूचा थर, हे तर दोन्हीकडे सारखेच. मग फरक कोठे आहे?

ही तार ‘वायर-कट’ यंत्रात वापरतात. पंख्याच्या मोटारीतील पत्र्याच्या चकत्या ज्या पोलादी डायमधून छापून निघतात, तशा डाय या यंत्रावर कापल्या जातात. साधारण ०.२५ मिलिमीटर जाडीची तार कामाच्या तुकड्याजवळ येते, पण त्याला टेकत नाही. मधल्या केसाहूनही अरुंद फटीत क्षार काढून टाकलेले पाणी असते. विजेचे स्पंद दिले की फटीत ठिणग्या पडतात, प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचा सूक्ष्म कण वितळून उडतो. पोलाद कितीही कठीण असो, ठिणगीपुढे त्याचे काही चालत नाही. ठिणगीच्या या झिजेचा उपयोग करून घेण्याची पद्धत सोव्हिएत संघातील लाझारेंको दांपत्याने १९४३ मध्ये मांडली.

ठिणगी तारेलाही सोडत नाही. म्हणून रिळावरून सतत नवी तार सोडावी लागते, आणि एकदा वापरलेली तार भंगारात जाते. तार मध्येच तुटली तर काम थांबते. येथे जस्त मदतीला येते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्त ४२० अंशांना वितळते व ९०७ अंशांना उकळते. पृष्ठभागावरचे जस्त वाफ होताना बाष्पीभवनाची उष्णता घेऊन जाते. घामाने अंग गार होते तसाच हा प्रकार. गाभा वाचतो, फटीतील कचरा बाहेर फेकला जातो आणि कापण्याचा वेग वाढतो.

मग पितळेतच जस्त का वाढवू नये? कारण ते सुमारे ४० टक्क्यांच्या पुढे गेले की मिश्रधातूची स्फटिकरचना बदलते आणि थंड अवस्थेत त्याची बारीक तार ओढणे अवघड होते. म्हणून गाभा साध्या पितळेचा आणि जस्त फक्त वरच्या थरात, अशी वाट निघाली.

आता कायद्याकडे वळू. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार तीन कसोट्या महत्त्वाच्या आहेत. वस्तू नवी हवी, उद्योगात उपयोगी हवी आणि तिच्यात ‘शोधक पायरी’ हवी. म्हणजे त्या धंद्यातील जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नसावी. तिसरी कसोटी सर्वांत अवघड.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९७८ मध्ये हाच प्रश्न आला, तोही भांड्यांच्या धंद्यातून. लेथवर भांडे तासताना ते पक्के धरून ठेवण्याच्या साधनावर मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या संस्थेने पेटंट घेतले होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. माहीत असलेल्या गोष्टीत कारखान्यातील कुशल कामगार सहज करील एवढीच सुधारणा असेल, तर तो शोध नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता.

ही फूटपट्टी तारेला लावून पाहू. जस्त ९०७ अंशांना उकळते, हे निसर्गाचे सत्य आहे; त्यावर कोणाचीच मालकी नाही. त्याचा उपयोग करून ठिणगी सोसणारी तार बनवणे ही मात्र शोधक पायरी ठरू शकते. पण अशी तार माहीत झाल्यावर कोणी केवळ थर थोडा जाड केला आणि अपेक्षित तेवढाच फायदा मिळाला, तर ती कारागिरी झाली. याउलट, सुमारे ६५ टक्के जस्त असलेला ‘गॅमा’ थर पाहा. तो इतका ठिसूळ असतो की जाणकार म्हणेल, ‘ही तार ओढता येणार नाही.’ तरीही थर पुरेसा पातळ ठेवला तर तार ओढता येते. थराला तडे गेले तरी तुकडे गाभ्याला चिकटून राहतात आणि तार अधिक वेगाने कापते. अशा तारेवर अमेरिकेत १९९० च्या दशकात पेटंट दिले गेले. जाणकाराची अपेक्षा चुकली, यातच शोधाची खूण आहे.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? पेटंट म्हणजे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची मक्तेदारी. ती क्षुल्लक बदलाला दिली, तर छोट्या कारखानदाराला सर्वांच्या माहितीच्या गोष्टीसाठीही पैसे मोजावे लागतील. खऱ्या शोधाला नाकारली, तर प्रयोगांवर खर्च करणारा आपले ज्ञान दडवून ठेवील. पेटंट घेणाऱ्याला आपली कृती उघड लिहून द्यावी लागते आणि मुदत संपली की ती सर्वांची होते.

हापूसचे मानांकन यापेक्षा वेगळे आहे. आपल्या कायद्यात वनस्पतींना पेटंट मिळत नाही. मानांकन एका संशोधकाचे नसते. ते त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांच्या नावलौकिकाचे रक्षण करते आणि त्याचे नूतनीकरण करता येते.

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांना घरातील एखादी सुधारलेली वस्तू आणायला सांगावे. आंबे उतरवण्याचे घळही चालेल. मग एकच प्रश्न विचारावा : ‘हा बदल त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचला असता का?’ पेटंट कार्यालयातील परीक्षकही हाच प्रश्न विचारतो.